४२९४९६७२९७ : भागत बसण्याआधी या संख्येचे शेजारी पाहा

नमस्कार. तुम्ही लिहिलं आहे की अकरावीतल्या तुमच्या मुलाला शिकवणीच्या सरांनी ४२९४९६७२९७ ही संख्या दिली आणि कॅल्क्युलेटर न वापरता ती मूळ आहे की संयुक्त, हे कारणासह लिहून आणायला सांगितलं. त्याने ५०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, बाकी शून्य कुठेच आली नाही. आता तो म्हणतो, एवढं झाल्यावर मूळ लिहून टाकतो. आणि तुम्ही विचारता, याला काही रीत आहे की नुसतं भागतच राहायचं?

मूळ लिहू देऊ नका, ती संख्या संयुक्त आहे. पण मुलाने केलेलं काम वाया गेलेलं नाही, हेही त्याला सांगा. ५०० पर्यंत ९५ मूळ संख्या आहेत. तेवढे भागाकार हाताने करणारी मुलं मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एवढ्या वर्षांच्या शिकवणीत फार भेटली नाहीत. तो आणखी एकवीस पायऱ्या पुढे गेला असता तर त्याला विभाजक सापडला असता. तरीही मला त्याने तसा शोधलेला नको आहे, कारण सरांचा प्रश्न वरवर ‘मूळ आहे का’ असा दिसला तरी त्याच्या पोटात दुसरेच दोन प्रश्न आहेत: शोधायचं कुठे, आणि थांबायचं कधी?

थांबायचं कधी, हे त्याला शाळेत शिकवलेलं असणार. संख्या संयुक्त असेल तर तिचा सर्वांत लहान मूळ विभाजक तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणून आधी वर्गमूळ काढायचं. भागाकार पद्धतीने या संख्येचं वर्गमूळ काढायला घेतलं की ६५५३६ येतं आणि बाकी उरते फक्त १. म्हणजे ५०० वर थांबायला काहीच आधार नाही, ६५५३६ पर्यंत जावं लागेल. तिथवर ६५४२ मूळ संख्या आहेत. एका भागाकाराला दोन मिनिटं धरली तरी दोनशेहून जास्त तास झाले. कुणी सर असा गृहपाठ देत नाहीत. तेव्हा आडमार्ग असणार, आणि त्याची खूण त्या वर्गमूळातच आहे: बाकी १.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी जी रीत सांगणार आहे ती या संख्येला चालते, कारण ही विशिष्ट घडणीची संख्या आहे. कुणी मनाला येईल तशी दहा अंकी संख्या दिली, तर हाताने भागत बसणं किंवा संगणकाला विचारणं, एवढेच मार्ग बहुधा उरतात. आणि मुलाला नुसतं उत्तर हवं असेल तर संगणक ते डोळ्याची पापणी लवायच्या आत देतो, त्यात गैर काहीच नाही. पण सरांनी ‘कारणासह’ म्हटलंय. संगणकाने दिलेले अवयव खरे असतात, तरी ते तिथे का आहेत हे त्यावरून कळत नाही.

तर सवय अशी लावायची: मोठी संख्या समोर आली की भागायच्या आधी तिचे शेजारी पाहायचे. एकने लहान, एकने मोठी, दोनने लहान. वर्गमूळात बाकी १ आली याचा अर्थ आपल्या संख्येतून १ काढला की ६५५३६ चा नेमका वर्ग मिळतो. ६५५३६ हा स्वतः २५६ चा वर्ग, २५६ हा १६ चा, १६ हा ४ चा आणि ४ हा २ चा. म्हणजे ४२९४९६७२९६ हा २ चा ३२वा घात, आणि आपली संख्या त्याहून एकने मोठी. संगणक शिकणाऱ्या मुलांना हा शेजारी ओळखीचा असतो: ३२ बिटांत एवढ्याच वेगवेगळ्या संख्या मावतात आणि इंटरनेटच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची एकूण संख्याही हीच.

दशमान पद्धतीत तिचे दहा अंक अगदी विस्कळीत दिसतात, त्यातून काही कळत नाही. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली की सगळं उघड होतं: एक १, मग ३१ शून्यं, मग पुन्हा १. आपण ग्वाल्हेरकर आहोत म्हणून इथे थोडं थांबते. किल्ल्याच्या चढावर खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. त्यातल्या संवत ९३३ च्या, म्हणजे इ.स. ८७६ च्या शिलालेखात बागेच्या जमिनीचं माप २७० गुणिले १८७ हात दिलं आहे आणि देवाला रोज द्यायच्या ५० माळांचा उल्लेख आहे. २७० मधलं आणि ५० मधलं शून्य तिथे आजच्यासारखंच गोल कोरलेलं आहे. मी दरवर्षी मुलांना ते दाखवायला नेते, तुम्हीही चिरंजीवांना न्या. शून्याला जागा मिळाली म्हणून चार अब्ज एकोणतीस कोटींच्या पुढची संख्या आपण दहा खुणांत लिहितो, आणि तीच शून्यं दोनच्या पायावर मांडली की तिची घडण डोळ्यांना दिसते. हे त्या भिंतीसमोर उभं राहून सांगितलं तर मुलांच्या जास्त लक्षात राहतं, असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य विचार. समजा प ही मूळ संख्या आपल्या संख्येला पूर्ण भागते. मग २ च्या ३२व्या घाताला प ने भागल्यावर बाकी ‘उणे १’ येणार, म्हणजे प पेक्षा एकने कमी. तिचा वर्ग केला की २ च्या ६४व्या घाताची बाकी १. इथे मुलाला पेन हातात घेऊन एक लहान उदाहरण करायला लावा. १७ घ्या आणि २ चे घात १७ ने भागून बाक्या लिहा: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. आठ पायऱ्यांत चक्र पूर्ण झालं आणि पुढे त्याच बाक्या पुन्हा येतात. चक्राची लांबी ८, आणि १७ वजा १ म्हणजे १६ ला ८ ने भाग जातो. हा योगायोग नाही. कुठल्याही मूळ प साठी चक्राची लांबी प वजा १ ला भागतेच. फर्माचं छोटं प्रमेय म्हणतात त्याचाच हा परिणाम आहे, आणि अकरावीच्या मुलाने हे प्रमेय आधार म्हणून वापरलं तर सर हरकत घेणार नाहीत.

आपल्या प साठी चक्राची लांबी किती? ६४ व्या पायरीला बाकी १ येते, म्हणून लांबी ६४ ला भागणारी हवी: १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. पण ३२ व्या पायरीला बाकी उणे १ आहे, १ नाही. लांबी ३२ किंवा तिचा एखादा विभाजक असती तर ३२ व्या पायरीला १ आला असता. म्हणून लांबी नेमकी ६४, आणि ६४ ने प वजा १ ला भाग गेलाच पाहिजे. म्हणजे प ही ‘६४ च्या पटीत १ मिळवलेली’ संख्या आहे. ६५४२ उमेदवारांतले बहुतेक सगळे एका वाक्यात बाद झाले. तुमच्या मुलाने ३, ७, ११, १३, १९ यांना जो वेळ दिला त्याची गरजच नव्हती; त्यांतली एकही ६४ च्या पटीहून एकने मोठी नाही.

हा विचार अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाचा. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण मुलांना ती आवडते. २ च्या घाताचा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत नेला आणि त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात. या पाचही मूळ आहेत. सतराव्या शतकात फर्माला वाटलं, पुढेही सगळ्या मूळच असणार. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. १७२९ मध्ये गोल्डबाखने ऑयलरचं लक्ष या विधानाकडे वेधलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने सहावी संख्या, म्हणजे तुमच्या मुलाच्या वहीतली हीच संख्या, फोडून दाखवली.

१८७८ मध्ये ल्यूकाने हा नियम आणखी घट्ट केला: ६४ ऐवजी १२८ ची पट. त्याचं कारण मला फार सुंदर वाटतं आणि ते तुमच्या मुलाच्या आवाक्यातलं आहे. ब ही संख्या घ्या: २ चा २४वा घात वजा २ चा ८वा घात. तिचा वर्ग करा. शाळेतल्याच सूत्राने तीन पदं येतात: २ चा ४८वा घात, वजा दोनदा २ चा ३२वा घात, अधिक २ चा १६वा घात. आता २ च्या ३२व्या घाताच्या जागी त्याची बाकी, उणे १, घाला. पहिलं पद होतं उणे (२ चा १६वा घात), मधलं होतं अधिक २, शेवटचं आहे तसंच. पहिलं आणि शेवटचं एकमेकांना कापतात आणि उरतात फक्त २. म्हणजे प ने भागताना ब च्या वर्गाची बाकी २ च्या बाकीशी जुळते. मग ब चा ६४वा घात म्हणजे २ चा ३२वा घात, बाकी उणे १; आणि ब चा १२८वा घात, बाकी १. वरचाच युक्तिवाद पुन्हा लावला की ब च्या चक्राची लांबी नेमकी १२८, म्हणून १२८ ने प वजा १ ला भाग जातो.

मोठ्या संख्येवर चालवण्याआधी ही रीत धाकट्या भावंडावर चालवून पाहायला सांगा. ६५५३७ मूळ आहे का? इथे २ चा १६वा घात अधिक १ आहे, म्हणून सगळं निम्मं होतं: विभाजक असलाच तर तो ६४ च्या पटीहून एकने मोठा असणार. वर्गमूळ २५६ च्या जरासं वर. त्या मर्यादेत उमेदवार तीन: ६५, १२९, १९३. ६५ म्हणजे ५ गुणिले १३ आणि १२९ म्हणजे ३ गुणिले ४३, म्हणून ते मूळ विभाजक असू शकत नाहीत. उरला एकटा १९३. १९३ गुणिले ३३९ म्हणजे ६५४२७, बाकी ११०. झालं, ६५५३७ मूळ आहे, आणि ते एका भागाकारात सिद्ध झालं. मी वर्गात हे करते तेव्हा दोन-तीन मुलं तरी ‘बस, एवढंच?’ म्हणून पुन्हा तपासतात. तपासू द्यावं.

आता आपली संख्या. १२८ च्या पटीहून एकने मोठ्या संख्या ओळीने लिहा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यातल्या १२९, ३८५ आणि ५१३ उघडच संयुक्त आहेत. २५७ मूळ आहे, पण तिला भागाकार न करता बाद करता येतं, आणि इथे दुसरा शेजारी कामाला येतो. आपल्या संख्येतून २ काढा: ४२९४९६७२९५. हा २ चा ३२वा घात वजा १, आणि दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र पुन्हा पुन्हा लावलं की तो ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ असा सुटतो. २५७ ने या शेजाऱ्याला भाग जातो. आपल्या संख्येलाही जात असता तर दोघांच्या फरकाला, म्हणजे २ लाही गेला असता. ते अशक्य. याच एका ओळीत ३, ५, १७ आणि ६५५३७ सुद्धा बाद होतात.

म्हणून प्रत्यक्ष भागून पाहायची पहिलीच संख्या ६४१. आणि तिथे भाग जातो:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

हाताने पडताळा: ६७००४१७ ची ६०० पट ४०२०२५०२००, ४० पट २६८०१६६८०, आणि एक पट ६७००४१७. तिन्हींची बेरीज करून घ्या.

पण भागाकारही टाळायचा असेल तर ६४१ च्या अंगात दोन ओळखी आहेत, त्या वापरा. एक, ६४१ = ५ × १२८ + १. दोन, ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिलीवरून, ६४१ ने भागताना ‘५ गुणिले २ चा सातवा घात’ याची बाकी उणे १. दोन्हीकडे चौथा घात घ्या: ‘५ चा चौथा घात गुणिले २ चा २८वा घात’ याची बाकी १. दुसरीवरून, ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे (२ चा चौथा घात) ठेवा. मिळतं: उणे (२ चा ३२वा घात), बाकी १. म्हणजेच २ चा ३२वा घात अधिक १, बाकी शून्य. चार ओळींत सिद्धता झाली, आणि दहा अंकी संख्या एकदाही लिहावी लागली नाही.

दुसरा अवयव ६७००४१७ मूळ आहे का, हे सरांनी विचारलं नसेल, पण हुशार मुलगा विचारेलच. त्याचं वर्गमूळ २५८८ आणि २५८९ च्या मधे. त्याचा कुठलाही मूळ विभाजक आपल्या पहिल्या, दहा अंकी संख्येचाही विभाजक असणार, म्हणून १२८ चा नियम त्यालाही लागू. २५८८ पर्यंत १२८ च्या पटीहून एकने मोठ्या वीस संख्या आहेत; त्यातल्या मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ आधीच बाद आहे. बाकी चारांनी ६७००४१७ ला भागलं तर अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ उरतात. म्हणून तो मूळ. एरवी नुसतं भागत गेलं असतं तर याच कामाला २५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लागल्या असत्या.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: वर्गमूळातल्या बाकीवरून घडण कळली, घडणीवरून २ च्या घातांचं चक्र कळलं, चक्रावरून उमेदवार मूठभर उरले, आणि त्यातली शेजाऱ्याने बाद केलेली २५७ सोडली तर पहिल्याच संख्येने काम केलं. सरांना द्यायला एवढं पुरेसं आहे.

पण ही संख्या एवढ्यावर सोडवत नाही. तिची दुसरी एक बाजू मला जास्त प्रिय आहे. ती ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे, हे तर दिसतंच. तीच संख्या ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग अशीही लिहिता येते. करून पाहा: ३८७६८०५६९६ आणि ४१८१६१६०१, बेरीज बरोबर येते. ४ ने भागल्यावर १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, पण एकाच प्रकारे. दोन वेगळे प्रकार सापडले की ती संख्या मूळ नाही, हे सिद्ध झालं. इतकंच नाही, त्या दोन मांडण्यांतून अवयवही बाहेर काढता येतात. ही रीतसुद्धा ऑयलरचीच.

कसे, ते पाहा. ज्यांचे वर्ग घेतले त्या संख्यांना पाया म्हणू. मोठ्या दोन पायांची वजाबाकी: ६५५३६ वजा ६२२६४, म्हणजे ३२७२. लहान दोन पायांची: २०४४९ वजा १, म्हणजे २०४४८. या दोघांचा मसावि ८. मसाविने भागून ४०९ आणि २५५६. आता मोठ्या पायांची बेरीज १२७८०० ला २५५६ ने भागा, येतात ५०. मसावि ८ चं निम्मं ४ आणि ५० चं निम्मं २५. ४ चा वर्ग अधिक २५ चा वर्ग म्हणजे ६४१. ४०९ चा वर्ग अधिक २५५६ चा वर्ग म्हणजे ६७००४१७. दोन्ही अवयव हातात आले.

आणि उलट दिशेने जाण्यात खरी मजा आहे. ४ आणि २५ ही एक जोडी, ४०९ आणि २५५६ ही दुसरी. ४ × ४०९ = १६३६ आणि २५ × २५५६ = ६३९००; त्यांची बेरीज ६५५३६ आणि फरक ६२२६४. दुसरीकडे ४ × २५५६ = १०२२४ आणि २५ × ४०९ = १०२२५; त्यांची बेरीज २०४४९ आणि फरक फक्त १. आपल्या संख्येच्या शेवटी जो ‘अधिक १’ आहे तो या दोन गुणाकारांच्या एका अंकाच्या फरकातून येतो. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा कितीतरी वेळ त्याच पानाकडे पाहत बसले होते. एक मर्यादा मात्र आहे: ६२२६४ आणि २०४४९ ही जोडी आधी माहीत नसताना हाताने शोधणं ६४१ शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. म्हणून ही वाट आस्वादासाठी. शोधासाठी पहिलीच बरी.

तुमच्या पत्रात शेवटी मुलाचा एक प्रश्न आहे: विभाजक न शोधता संख्या संयुक्त आहे हे सांगता येतं का? येतं. फर्माचं छोटं प्रमेय म्हणतं की न मूळ असेल आणि एखाद्या संख्येला न ने भाग जात नसेल, तर त्या संख्येच्या ‘न वजा १’ व्या घाताला न ने भागून बाकी १ यायलाच हवी. १ आली नाही तर न संयुक्त. आपल्या संख्येवर ही कसोटी २ घेऊन लावली तर ती फसवते. २ च्या ६४व्या घाताची बाकी १ आहे आणि ‘न वजा १’ हा ६४ च्या पटीत आहे, म्हणून बाकी १ च येते, जणू संख्या मूळ आहे. ३, ५, १७, २५७ या फर्माच्या घराण्यातली प्रत्येक संख्या २ च्या कसोटीला उतरते, मूळ असो वा नसो. म्हणून ३ घ्यायचे. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, असं ३२ वेळा करत जायचं आणि दर वेळी बाकी ठेवायची. शेवटी १ ऐवजी ३०२९०२६१६० उरतात. संख्या संयुक्त आहे हे नक्की झालं, आणि अवयवांचा पत्ताही लागलेला नाही. १८७७ मध्ये पेपँने दाखवलं की एक पायरी आधी, ३१ व्या वर्गावरच थांबता येतं: तिथे बाकी ‘न वजा १’ आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. आपल्याकडे तिथे १०३२४३०३ येतात. हे ३१ वर्ग हाताने करायला मी कुठल्याही मुलाला सांगणार नाही, त्यात शिकण्यापेक्षा चुकण्याच्या जागा जास्त आहेत. इथे संगणक खुशाल वापरू द्या. दहा ओळींचा प्रोग्राम पुरतो आणि तो स्वतः लिहिण्यात त्याचा फायदा आहे.

भूमितीशी असलेलं नातं एका ओळीत सांगते, कारण त्याची सिद्धता अकरावीच्या बाहेरची आहे. १७९६ मध्ये गाउसने १७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपासने काढता येतो हे दाखवलं, आणि पुढे हे कोडं याच घराण्यातल्या मूळ संख्यांशी जोडलं गेलं. आपल्या संख्येचे अवयव ६४१ आणि ६७००४१७ या घराण्यातले नाहीत, म्हणून ४२९४९६७२९७ बाजूंचा सुसम बहुभुज असा काढता येत नाही. तिच्याहून दोनने लहान शेजारी ४२९४९६७२९५ मात्र या घराण्यातल्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार आहे, म्हणून तेवढ्या बाजूंचा, निदान तत्त्वतः, काढता येतो. विषम बाजूंच्या अशा बहुभुजांत आज माहीत असलेला सर्वांत मोठा तोच आहे.

सरांना काय लिहून द्यायचं, त्याबद्दल माझं मत असं. ‘६४१ ने भाग जातो’ एवढी एक ओळ गणिताच्या दृष्टीने पूर्ण उत्तर आहे, कारण गुणाकार करून कोणीही ते तपासू शकतो. पण सर विचारणार, ६४१ सुचले कुठून? म्हणून आधी ६४ चा नियम कारणासह लिहावा, जमलं तर १२८ चाही, मग उमेदवारांची ओळ, मग चार ओळींची सिद्धता. १२८ चा भाग कळला नसेल तर तो सोडून द्यावा. ६४ च्या नियमानेसुद्धा ६४१ ही ओळीतली दहावीच संख्या आहे, आणि प्रत्यक्ष भागून पाहायच्या त्याआधी फक्त १९३, ४४९ आणि ५७७ येतात. न कळलेली युक्ती वहीत उतरवून नेली तर पहिल्याच उलटप्रश्नाला मूल अडकतं, आणि मग त्याचा या विषयावरचा जीव उडतो. त्यापेक्षा तीन भागाकार जास्त परवडले.

त्याला हे आवडलं तर पुढची संख्या द्या: २ चा ६४वा घात अधिक १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. इथे नियम २५६ च्या पटीचा होतो. तिचा विभाजक १८५५ मध्ये क्लॉझेनला सापडला होता आणि १८८० मध्ये लँद्रीने तो पुन्हा शोधून प्रसिद्ध केला: २७४१७७, म्हणजे २५६ × १०७१ + १. शोधायला हजारावर उमेदवार पार करावे लागतात, म्हणून विभाजक त्याला आधीच सांगा, पडताळा मात्र त्यालाच करू द्या. २ च्या ३२व्या घाताला, म्हणजे वहीत आधीच असलेल्या ४२९४९६७२९६ ला, २७४१७७ ने भागलं की बाकी २५८७६८ उरते, म्हणजे उणे १५४०९. आता १५४०९ चा वर्ग करून त्यात १ मिळवायचा आणि आलेली संख्या २७४१७७ × ८६६ इतकी भरते का ते पाहायचं. वीस अंकी संख्येला एकदाही हात लावावा लागत नाही. हे त्याला आधी स्वतः करू द्या, आणि मग विचारा की एवढ्यावरून भाग जातो हे का सिद्ध झालं.